‘लुक फॉरवर्ड टू’ बिनचूक कसं लिहायचं: इंग्रजी पत्राच्या शेवटच्या ओळीसाठी

इंग्रजी अर्ज हातात आला की मी त्याची शेवटची ओळ आधी वाचते. सांगलीत संध्याकाळच्या वर्गात पदवी झालेल्या मुलामुलींना इंग्रजी लेखन शिकवायला लागल्यापासून ही सवय जडली आहे. मधला मजकूर बहुतेकांनी कुठल्या तरी नमुन्यावरून बेतलेला असतो. शेवटची ओळ मात्र स्वतःच्या मनानं, हात मोकळा सोडून लिहिलेली असते आणि नेमकी तिथे चूक होते.

मागच्या महिन्यात एका मुलीनं बियाण्यांच्या कंपनीसाठी केलेला अर्ज दाखवायला आणला. शेतीची पदवी, गुण चांगले, दोन हंगाम प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर काम केलेलं. अर्जही नेटका होता. शेवटी लिहिलं होतं, ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’ मी पेन्सिलनं ‘हिअर’खाली रेघ ओढली. ती म्हणाली, “पण मॅडम, ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं ना? शाळेत तर आमच्याकडून तेच घोकून घेतलंय.”

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. “इथे ‘हिअरिंग’ येतं, पाठ करून टाक” एवढं सांगून मी सुटू शकले असते. पण पाठ केलेली एक ओळ त्या एका ओळीपुरती राहते. पुढच्या पत्रात ‘हिअर’च्या जागी ‘मीट’ किंवा ‘वर्क’ आलं की माणूस पुन्हा अडखळतो. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही या एकाच वाक्प्रयोगावर दीड तास घालवला. तो दीड तास इथे मांडते आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच देते. त्यांचं रोमन रूप तुम्ही वहीत स्वतः लिहा, हातालाही सवय होईल.

पहिली पायरी: तीन तुकडे वेगळे करा

‘लुक’ म्हणजे पाहणे. हे क्रियापद. ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे, पुढच्या दिशेला. हे क्रियाविशेषण, पाहायचं कुठल्या बाजूला ते सांगतं. ‘टू’ म्हणजे कडे. पुढे, अमक्याकडे पाहणे. येणाऱ्या दिवसांकडे मान वर करून पाहायचं, आणि त्या पाहण्यात आनंद असतो.

आता आपली ‘वाट पाहणे’ ही शब्दजोडी घ्या. वाट म्हणजे रस्ता. कुणी येणार असलं की ओट्यावर उभं राहून रस्त्याकडे डोळे लावायचे, त्यावरून हा प्रयोग आला. म्हणजे दोन्ही भाषांनी एकच चित्र धरलं आहे: येणाऱ्याच्या दिशेनं लागलेली नजर. वर्गात हे फळ्यावर मांडलं की मुलांचे चेहरे उजळतात, कारण परका वाटणारा वाक्प्रयोग एकदम घरचा होतो.

एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवायला हवा. आपली ‘वाट पाहणे’ फार मोठ्या पोटाची आहे. स्टँडवर एसटीची वाट पाहतो तीही वाटच, आणि गणपतीची वाट पाहतो तीही वाटच. इंग्रजीत या दोन वाटा वेगळ्या आहेत. स्टँडवर ताटकळत उभं राहणं म्हणजे ‘वेट फॉर’. त्यात आनंद असेलच असं नाही, आणि पुष्कळदा हातातलं काम थांबलेलं असतं. गणपतीची वाट पाहताना आपण थांबून राहत नाही. रोजची कामं चालू असतात आणि मन मात्र पुढे धावतं. ते ‘लुक फॉरवर्ड टू’.

दोन्हींना मराठीत एकच शब्द असल्यामुळे ‘वेट फॉर’मधला ‘फॉर’ उडी मारून इकडे येतो आणि ‘लुकिंग फॉरवर्ड फॉर युअर रिप्लाय’ असं वाक्य तयार होतं. हे चूक. ‘लुक फॉरवर्ड’ला पुढे ‘टू’च लागतो. ‘फॉर’ नाही, आणि ‘लुक फॉरवर्ड युअर रिप्लाय’ असं मोकळंही सोडता येत नाही. त्यामुळे वहीत ‘लुक फॉरवर्ड’ एवढंच कधी लिहू नका. तिन्ही शब्द एकत्र लिहा, एकत्र म्हणा.

स्पेलिंगबद्दल एक गोष्ट, कारण चूक नेहमीची आहे. हे ‘फॉरवर्ड’ एफ-ओ-आर-डब्ल्यू-ए-आर-डी. पुस्तकाच्या सुरुवातीला दुसऱ्या कुणी लिहिलेली प्रस्तावना असते तिचं स्पेलिंग एफ-ओ-आर-ई-डब्ल्यू-ओ-आर-डी. उच्चार जवळजवळ सारखा, शब्द निराळा. शेवटी ‘एस’ लावून ‘फॉरवर्ड्‌स’ असंही एक रूप इंग्रजीत आहे, पण ते या वाक्प्रयोगात वापरू नका.

दुसरी पायरी: हा ‘टू’ कुणाचा?

सगळी अडचण इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

इंग्रजीत ‘टू’ दोन प्रकारची कामं करतो. ‘आय वाँट टू मीट यू’ या वाक्यात तो ‘मीट’चा जोडीदार आहे. क्रियापदापुढे लागणारी ती एक खूण. तिला स्वतःचा असा अर्थ उरलेला नाही. ‘आय वेंट टू मिरज’ या वाक्यात मात्र तो खराखुरा ‘ला’ किंवा ‘कडे’ आहे. मराठीत आपण ज्याला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय म्हणू, त्याचं काम तो करतो. फार जुन्या इंग्रजीत पहिल्या प्रकारचा ‘टू’सुद्धा मुळात ‘कडे’च होता. पुढे क्रियापदाच्या शेवटचे प्रत्यय झिजले आणि ‘टू’ नुसती खूण म्हणून उरला. त्यामुळे दोन्ही दिसायला सारखे आहेत, आणि कामं मात्र वेगळी.

शाळेत आपल्याला पहिला ‘टू’ घोकायला लावतात. ‘टू गो म्हणजे जाणे, टू ईट म्हणजे खाणे.’ तो इतका मुरतो की ‘टू’ दिसला की हात आपोआप मूळ रूप लिहितो. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ दुसऱ्या जातीचा आहे. तो मिरजेला जाणारा ‘टू’ आहे.

ओळखायचा कसा? मी वर्गात दिवाळीची कसोटी लावते. ‘टू’नंतर क्रियापद काढून टाका आणि तिथे ‘दिवाळी’ ठेवा. ‘आय लुक फॉरवर्ड टू दिवाळी.’ वाक्य छान उभं राहतं. आता ‘आय वाँट टू दिवाळी.’ कोसळलं. ‘आय होप टू दिवाळी.’ तेही कोसळलं. ज्या ‘टू’नंतर दिवाळी बसते, त्याच्यानंतर क्रियापद आणायचं असेल तर त्याला आयएनजी लावून नामासारखं करून आणायचं. ज्या ‘टू’नंतर दिवाळी बसत नाही, तिथे मूळ रूप.

का, ते आपल्या भाषेतूनच समजतं. मराठीत ‘तुला भेटतोची वाट पाहतोय’ असं कुणी म्हणत नाही. प्रत्यय लावायचा तर क्रियापदाचं आधी नाम करावं लागतं: भेटणे, मग भेटण्याची. इंग्रजीतलं ‘मीटिंग’ हे आपल्या ‘भेटण्या’सारखंच आहे. आणि गंमत अशी की हा नियम तुम्ही रोज बिनचूक पाळता. पाहुणे निघाले की आपण ‘थँक यू फॉर कमिंग’ म्हणतो. ‘थँक यू फॉर कम’ शाळकरी पोरही म्हणत नाही. ‘फॉर’नंतर ‘कमिंग’ येतं त्याच कारणानं या ‘टू’नंतर ‘मीटिंग’ येतं. ‘टू’ आणि ‘फॉर’ इथे सख्खे भाऊ आहेत. त्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं वहीच्या समासात ‘थँक यू फॉर कमिंग’ लिहून त्याभोवती चौकट काढली.

एक सावधगिरी. मराठीत ‘-ण्याची’ आलं की इंग्रजीत आयएनजी, असा उलटा नियम करून घेऊ नका. ‘भेटण्याची इच्छा’, ‘भेटण्याची आशा’ यांतही ‘-ण्याची’ आहे, पण इंग्रजीत ते ‘डिझायर टू मीट’, ‘होप टू मीट’ असंच होतं. मराठीवरून कारण समजून घ्या, निकाल मात्र दिवाळीच्या कसोटीवर लावा.

तिसरी पायरी: ‘टू’नंतर काय काय येऊ शकतं

सगळ्यात सोपं म्हणजे सरळ नाम. ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय.’ ‘वी लुक फॉरवर्ड टू द वेडिंग.’ आयएनजीबद्दल जराही शंका असेल तर नाम वापरा. वाक्य आटोपशीर होतं आणि चुकीला जागा राहत नाही.

क्रियापद हवंच असेल तर ‘टू हिअरिंग’, ‘टू सीइंग’, ‘टू जॉइनिंग’, ‘टू वर्किंग’. ‘असणे’ असा अर्थ असेल तर ‘बीइंग’ घालून: ‘टू बीइंग पार्ट ऑफ युअर टीम.’ दुसऱ्या कुणाच्या कृतीची वाट असेल तर ती व्यक्ती मध्ये येते: ‘वी लुक फॉरवर्ड टू युअर जॉइनिंग अस.’ इथे ‘यू जॉइनिंग’ही चालतं, ‘युअर’ थोडं औपचारिक आहे. ‘वी लुक फॉरवर्ड दॅट यू विल जॉइन’ मात्र इंग्रजीत होत नाही. आपल्याला ‘तुम्ही याल म्हणून वाट पाहतो’ असं म्हणायची सवय असल्यामुळे ते ‘दॅट’ आत शिरतं.

काही शब्द मोठी फसगत करतात. ‘वर्क’, ‘व्हिजिट’, ‘कॉल’, ‘रिप्लाय’ हे शब्द नामही आहेत आणि क्रियापदही. त्यामुळे ‘लुकिंग फॉरवर्ड टू वर्क विथ यू’ वाचताना डोळ्याला काही खटकत नाही. पण इथे ‘वर्क’ क्रिया म्हणून आलं आहे, तेव्हा ‘वर्किंग विथ यू’च हवं. ‘टू युअर व्हिजिट’ बरोबर, कारण ‘युअर’मुळे ‘व्हिजिट’ नाम ठरलं. ‘टू व्हिजिट यू’ चूक. ‘टू व्हिजिटिंग यू’ हवं. खूण अशी: शब्दाच्या आधी ‘युअर’, ‘द’, ‘अ’ असं काही लागलं असेल तर ते बहुधा नाम आहे, तसंच राहू द्या. शब्दाच्या नंतर ‘यू’, ‘विथ यू’, ‘फ्रॉम यू’ असं काही लोंबत असेल तर ती क्रिया आहे, आयएनजी लावा.

आणखी दोन जोड्या आहेत, कारण मराठीतल्या एका क्रियापदाला इंग्रजीत दोन वाटेकरी आहेत.

‘ऐकणे’ म्हटलं की काही जण ‘लिसन’ लिहितात: ‘लुकिंग फॉरवर्ड टू लिसनिंग फ्रॉम यू.’ आयएनजी बरोबर लागलं, पण शब्द चुकला. ‘लिसन’ म्हणजे कान देऊन ऐकणं, गाणं किंवा भाषण ऐकतो तसं. एखाद्याकडून निरोप येणं, उत्तर येणं म्हणजे ‘हिअर फ्रॉम’. त्यातला ‘फ्रॉम’ गाळला तर ‘हिअरिंग यू’ उरतं, म्हणजे तुमचा आवाज ऐकणं. गायकाला कौतुकानं लिहायचं असेल तर ते शोभेल, नोकरीच्या अर्जात नाही.

दुसरी जोडी ‘भेटणे’. अजून ओळख नसलेल्या माणसाला ‘टू मीटिंग यू’ लिहावं. ओळख असलेल्या, आधी भेटलेल्या माणसाला ‘टू सीइंग यू’. मुलाखत घेणाऱ्या अनोळखी अधिकाऱ्याला ‘मीटिंग’, मावसभावाला ‘सीइंग’. ओळखीच्या माणसाशी ठरवून बैठक असेल तर ‘मीटिंग’ही येतं, पण एरवी ही वाटणी पाळली की पत्र ओळखीच्या अंतराला साजेसं वाटतं.

चौथी पायरी: ‘लुक’ की ‘लुकिंग’?

व्याकरणानं दोन्ही बरोबर आहेत, फरक जवळिकीचा आहे. ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ यात थोडं अंतर आहे, अदब आहे. नोकरीचा अर्ज, बँकेला पत्र, विद्यापीठाला विनंती अशा ठिकाणी हे. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू’ यात ऊब आहे. मित्र, नातेवाईक, रोजच्या बोलण्यातले सहकारी यांच्यासाठी. कर्ता गाळून नुसतं ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ हे ईमेलमध्ये सर्रास चालतं, पण पहिल्याच औपचारिक पत्रात मी तरी पूर्ण वाक्य लिहायला सांगते.

या दोन रूपांची खिचडी होऊ देऊ नका. ‘आय ॲम लुक फॉरवर्ड’ आणि ‘आय लुकिंग फॉरवर्ड’ ही दोन्ही अर्धवट आहेत. ‘ॲम’ असेल तर ‘लुकिंग’, नसेल तर ‘लुक’. इथे विद्यार्थी दोन आयएनजी पाहून घाबरतात: “लुकिंगला एक, हिअरिंगला एक, दोनदा कसं चालेल?” चालतं. पहिलं काळाचं आहे, दुसरं नाम करणारं आहे. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. ‘मी भेटण्याची वाट पाहत आहे’ यातही ‘भेटण्याची’ आणि ‘पाहत’ अशी दोन वेगळी रूपं आपण सहज वापरतोच.

नम्रपणा दाखवायला ‘आय वुड बी लुकिंग फॉरवर्ड’ लिहायची आपल्याकडे फार सवय आहे. ‘वुड’ घातला की वाक्य आदबशीर होतं असं वाटतं, पण इथे ‘असं असतं तर वाट पाहिली असती’ अशी जर-तरची छटा येते. तो ‘वुड’ काढून टाका. ‘विल’ला मात्र एक जागा आहे: काही आताच ठरलं असेल तर. ‘देन आय विल लुक फॉरवर्ड टू सीइंग यू ऑन मंडे.’ म्हणजे, ठरलं तर मग, सोमवारी भेटू.

भूतकाळात हा प्रयोग पुष्कळदा हुरहुर घेऊन येतो. ‘आय वॉज लुकिंग फॉरवर्ड टू द ट्रिप’ एवढं म्हटलं की ऐकणारा पुढच्या ‘बट’ची वाट पाहायला लागतो. सहल रद्द झाली, पाऊस आला, ताप आला. तसं काही सांगायचं नसेल तर भूतकाळ जपून वापरा.

पाचवी पायरी: जोर कुठे द्यायचा

आनंद जास्त आहे हे सांगायला आपण ‘खूप’ वापरतो, आणि ‘खूप’ला पहिला इंग्रजी शब्द आठवतो तो ‘व्हेरी’. ‘आय ॲम व्हेरी लुकिंग फॉरवर्ड’ हे चूक आहे. ‘व्हेरी’ एकटा क्रियापदावर बसत नाही. ‘व्हेरी मच लुकिंग फॉरवर्ड’ किंवा ‘रिअली लुकिंग फॉरवर्ड’ लिहा. हा जोराचा शब्द ‘लुक’च्या आधी ठेवा: ‘आय रिअली लुक फॉरवर्ड टू…’, ‘आय ॲम रिअली लुकिंग फॉरवर्ड टू…’ ‘लुक’ आणि ‘फॉरवर्ड’ यांच्या मध्ये काही घुसवू नका; ती जोडी सुटली की वाक्य लंगडतं.

‘ईगरली लुकिंग फॉरवर्ड टू युअर पॉझिटिव्ह रिप्लाय’ ही ओळ आपल्याकडच्या अर्जांत इतकी दिसते की ती कुठल्या तरी पुस्तकातली असावी असं मुलांना वाटतं. आतुरता ‘लुक फॉरवर्ड’मध्ये आधीच आहे, तेव्हा ‘ईगरली’ची गरज नाही. आणि ‘पॉझिटिव्ह रिप्लाय’ म्हणजे उत्तर होकारार्थीच द्या असं आपण समोरच्याला आधीच सांगतो. उत्तर काय द्यायचं ते त्यांना ठरवू द्या. नुसतं ‘युअर रिप्लाय’ लिहिलेलं पत्र जास्त आत्मविश्वासाचं दिसतं, हे मी कितीतरी अर्ज वाचून सांगते आहे.

‘रिव्हर्ट’बद्दलही सांगायला हवं. आपल्या ऑफिसांत ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या. देशातल्या देशात कुणाचं अडत नाही. पण बाहेर बऱ्याच ठिकाणी ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. परदेशी माणसाला ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिव्हर्ट’ लिहिलं तर तो बुचकळ्यात पडेल. ‘रिप्लाय’ साधा आहे, सगळीकडे चालतो.

सहावी पायरी: कुठे लिहायचं नाही

ज्या गोष्टीत आनंद नाही तिथे हा प्रयोग सरळ वापरू नये. ऑपरेशन, अंत्यविधी, सांत्वनाचं पत्र, आजारपणाच्या रजेचा अर्ज. एका विद्यार्थ्यानं वडिलांच्या ऑपरेशनसाठी रजा मागताना शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू द ऑपरेशन’ लिहिलं होतं. त्याला म्हणायचं होतं, तारखेची वाट पाहतोय. तिथे ‘वी आर वेटिंग फॉर द डेट’ एवढंच योग्य. नकारात मात्र नावडत्या गोष्टीसाठीही हा प्रयोग फार चपखल बसतो: ‘आय ॲम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू द एक्झाम.’ म्हणजे परीक्षेचं नुसतं नाव काढलं तरी नको वाटतं.

तक्रारीच्या पत्रात तो थोड्या वेगळ्या कामाला येतो. ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर प्रॉम्प्ट रिप्लाय’ म्हणजे सभ्य शब्दांत लावलेला तगादा. हे इंग्रजी पत्रव्यवहाराला मान्य आहे. ‘आय एक्स्पेक्ट युअर रिप्लाय’ मात्र हुकूम सोडल्यासारखं वाटतं. आपल्या ‘अपेक्षा’ शब्दात थोडी मऊ आशाही असते. ‘एक्स्पेक्ट’मध्ये ती फारशी नाही.

आपल्या पत्रांतही ही जागा ठरलेली असे. ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ लिहिल्याशिवाय पत्र संपत नसे, आणि कार्यालयीन पत्रात ‘आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत’ येत असे. ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ त्याच जागेवर बसतं: मजकूर संपल्यावर, स्वतंत्र ओळीत, पूर्णविराम देऊन. त्याखाली सहीचा शब्द. ब्रिटिश रिवाजात ‘डिअर सर ऑर मॅडम’नं सुरुवात केली असेल तर ‘युअर्स फेथफुली’, आणि नावानं सुरुवात केली असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’. आपल्याकडे या ओळीनंतर ‘थँकिंग यू’ असं एकटं लिहायची पद्धत आहे. ते ‘थँकिंग यू, आय रिमेन, युअर्स फेथफुली’ अशा जुन्या लांब वाक्याचं उरलेलं टोक आहे. आज सरळ ‘थँक यू’ लिहून पूर्णविराम द्यावा.

कॅनडाला जायच्या तयारीत असलेली काही मुलं आमच्या वर्गात येतात. त्यांना आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या जनरल ट्रेनिंग प्रकारात एक पत्र लिहावं लागतं, किमान १५० शब्दांचं, आणि त्यासाठी साधारण २० मिनिटं धरलेली असतात. त्यांना मी पत्राला बसण्याआधी शेवटची ओळ ठरवायला सांगते. समोरचा अनोळखी की ओळखीचा, एवढं ठरलं की ‘लुक’ की ‘लुकिंग’, ‘मीटिंग’ की ‘सीइंग’, ‘फेथफुली’ की ‘सिन्सिअरली’ हे सगळं आपोआप ठरतं, आणि त्याच सुरात वरचं पत्रही लिहिलं जातं.

सातवी पायरी: याच जातीचे आणखी काही

दिवाळीची कसोटी एकदा हातात आली की तिचा उपयोग दूरवर होतो. ‘ऑब्जेक्ट टू’, ‘कमिटेड टू’, ‘इन ॲडिशन टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’ या सगळ्यांत मिरजेचाच ‘टू’ आहे. ‘वुई आर कमिटेड टू इम्प्रूव्ह’पेक्षा ‘टू इम्प्रूव्हिंग’ लिहिणं केव्हाही बिनधोक.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘यूज्ड टू’चा. ‘आय यूज्ड टू वेक अप ॲट फाइव्ह’ म्हणजे पूर्वी मी पाचला उठायचे. ‘आय ॲम यूज्ड टू वेकिंग अप ॲट फाइव्ह’ म्हणजे पाचला उठायची मला सवय आहे. मध्ये ‘ॲम’ आला की ‘टू’ची जात बदलली. ‘आय ॲम यूज्ड टू द क्राउड’ म्हणता येतं, म्हणजे नाम बसलं, तेव्हा आयएनजी.

आणि एक उलटं उदाहरण. ‘कधी एकदा तुला भेटतेय असं झालंय’ याला इंग्रजीत फार सुंदर जोड आहे: ‘आय कांट वेट टू सी यू.’ इथे मूळ रूपच येतं. ‘कांट वेट टू दिवाळी’ म्हणता येत नाही, नाम आणायचं तर ‘कांट वेट फॉर दिवाळी’ म्हणावं लागतं. तेव्हा नवीन नियम शिकल्याच्या उत्साहात ‘कांट वेट टू सीइंग’ लिहू नका. अर्थ ‘लुक फॉरवर्ड’च्या अगदी शेजारचा, पण हे पत्र जिवलगालाच लिहावं, साहेबाला नाही.

आता वही घ्या

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग पुढचं वाचा.

‘सोमवारपासून तुमच्यासोबत काम करायला मिळेल याचा आनंद आहे.’ ‘आजी रविवारच्या तुझ्या फोनची आठवडाभर वाट पाहते.’ ‘आपली अजून भेट झालेली नाही, मुलाखतीच्या वेळी भेटू.’ ‘उद्याच्या दाताच्या डॉक्टरांचा विचारही नको वाटतो.’ ‘मी तासभर एसटीची वाट पाहतोय.’

पहिलं: ‘आय लुक फॉरवर्ड टू वर्किंग विथ यू फ्रॉम मंडे.’ ‘वर्क’ लिहिलं असेल तर त्यानंतरचं ‘विथ यू’ पाहा. दुसरं: ‘आजी लुक्स फॉरवर्ड टू युअर संडे कॉल ऑल वीक.’ इथे ‘युअर’ आहे, ‘कॉल’ नाम आहे, आयएनजी नको. कर्ता एकवचनी, म्हणून ‘लुक्स’. हा ‘एस’ बरेच जण विसरतात. तिसरं: ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू ॲट द इंटरव्ह्यू.’ पहिलीच भेट, म्हणून ‘मीटिंग’. चौथं: ‘आय ॲम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू द डेंटिस्ट टुमॉरो.’

पाचवं त्या मुलीनंही चुकवलं होतं. मग तिनं खोडलं, थोडा विचार केला आणि लिहिलं: ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर द बस फॉर ॲन आवर.’ बरोबर तेच.